सौर वादळाचा अंदाज कसा काढतात? सारखे विचारले जाणारे प्रश्न, एकदाच सगळी उत्तरं

मे २०२४ मध्ये ते मोठं सौर वादळ आलं तेव्हा आमच्या नातेवाइकांना शोध लागला की हिला यातलं थोडंफार कळतं, आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी कुणीतरी फॉरवर्ड टाकून "हे खरंय का गं?" विचारतंच. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून हे एकदाच लिहून ठेवतेय. मी शास्त्रज्ञ नाही, हौशी आहे, पण गेली बरीच वर्षं रोज सूर्याचे फोटो आणि ग्राफ बघते, चहाबरोबर.

सौर वादळ नक्की कुठे होतं, सूर्यावर की पृथ्वीवर?

सगळा घोळ या शब्दातच आहे. आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. पहिली म्हणजे फ्लेअर, सूर्यावर अचानक झालेला प्रकाशाचा आणि एक्स-रेचा भडका, तो आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत पोचतो आणि तो दिसला म्हणजे तो आलेलाच असतो, त्याची आगाऊ सूचना वगैरे काही नाही. दुसरी म्हणजे वेगवान कण, मुख्यतः प्रोटॉन, हे मोठ्या उद्रेकानंतर कधीकधी अर्ध्या-एक तासात येतात. आणि तिसरी म्हणजे सीएमई, सूर्याची ढेकर म्हणा हवं तर, अब्जावधी टन तापलेला प्लाझ्मा आणि त्याच्या पोटात गुंडाळलेलं चुंबकीय क्षेत्र. ही ढेकर आपल्या दिशेने आली तर साधारण एक ते चार दिवसांत पोचते आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र गदागदा हलवते. या हलण्याला म्हणतात भूचुंबकीय वादळ. ते पृथ्वीवरचं. पुढे मी वादळ म्हणेन तेव्हा हेच.

"आज रात्री १२:३० ते ३:३० कॉस्मिक किरण येणार, मोबाइल बंद करून लांब ठेवा" हे खरंय का?

नाही. हा मेसेज मी इतकी वर्षं बघतेय की तो आता घरचाच वाटायला लागलाय. त्यात तारीख कधीच नसते बघा, नुसतं "आज रात्री". मोबाइल बंद करून झोपलात तर झोप चांगली लागेल, तेवढाच फायदा.

मग खरा अंदाज देतं कोण?

मुख्य ऑफिस अमेरिकेत, कोलोरॅडोमधल्या बोल्डर गावात, तिथे नोआचं, म्हणजे अमेरिकेच्या हवामान आणि समुद्र खात्याचं, अंतराळ हवामान केंद्र आहे आणि चोवीस तास शिफ्टमध्ये माणसं बसलेली असतात. म्हणजे फॉरवर्डमध्ये नेहमी "नासाने इशारा दिला" असतं ना, इशारा देण्याचं काम नासाचं नाहीच मुळात, नोआचं आहे. ब्रिटनच्या हवामान खात्याचंही असंच केंद्र आहे. आपल्याकडे कोलकात्याच्या आयसरमधलं सेसी नावाचं केंद्र सौर उद्रेकांचे अंदाज देतं.

बोल्डरवाले तीन शब्द वापरतात आणि ते नीट ओळखायला हवेत. वॉच म्हणजे ढेकर निघालीय, एक-दोन दिवसांत येईलसं वाटतंय. वॉर्निंग म्हणजे दारात आलीय. अलर्ट म्हणजे आत आली. बातम्यांमध्ये तिन्हीला "इशारा" म्हणतात आणि मग लोक वैतागतात की इशारा दिला आणि काहीच झालं नाही.

अंदाज काढतात कसा? सगळं सांग.

सुरुवात होते सूर्यावरच्या डागांपासून. डाग म्हणजे जिथे चुंबकीय क्षेत्र खूप जोरदार आणि गुंतागुंतीचं आहे ती जागा. उत्तर आणि दक्षिण ध्रुव एकमेकांत जितके कालवलेले तितका तो गट भडकण्याची शक्यता जास्त. यावरून रोज टक्केवारी दिली जाते की पुढच्या २४ तासांत एम वर्गाच्या फ्लेअरची शक्यता इतकी, एक्स वर्गाची इतकी. (वर्ग ए, बी, सी, एम, एक्स, प्रत्येक आधीच्यापेक्षा दहापट.) पण ही नुसती शक्यता, आपल्याकडे "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह" म्हणतात ना त्याच जातीची. नेमका केव्हा भडकणार हे आजही कुणाला सांगता येत नाही.

मग कधीतरी भडकतो. आता प्रश्न असा की ढेकर निघाली का, कारण फ्लेअर झाला म्हणजे सीएमई निघतेच असं नाही. ते बघायला कोरोनाग्राफ लागतो, म्हणजे मधे तबकडी धरून सूर्य झाकलेला कॅमेरा, खग्रास ग्रहण कायमचं लावून ठेवल्यासारखं. १९९५ साली सोडलेल्या सोहो यानावरचा लास्को नावाचा असा कॅमेरा अजून चालू आहे, तीस वर्षं होऊन गेली, आमच्याकडचा मिक्सर तीन वर्षं टिकत नाही. आता २०२४ मध्ये गेलेल्या गोज-१९ उपग्रहावरही एक नवा कोरोनाग्राफ आहे, त्यामुळे सोहोच्या म्हातारपणाची काळजी जरा कमी झाली.

लास्कोच्या फोटोत ढग एका बाजूला गेलेला दिसला तर तो आपल्याला चुकवून गेला. पण तबकडीच्या सगळ्या बाजूंनी गोल कडं फुगत गेलेलं दिसलं तर ढग एकतर थेट आपल्याकडे येतोय किंवा थेट उलटीकडे जातोय, फोटोत दोन्ही सारखंच दिसतं! म्हणून लगेच दुसऱ्या यानाचा, उदाहरणार्थ एसडीओचा, सूर्याच्या चेहऱ्याचा फोटो काढून बघायचं की त्या वेळी या बाजूला काही फुटलं होतं का. फुटलं असेल तर धावपळ सुरू. आणि उद्रेक मोठा असेल तर थोड्या वेळात लास्कोच्या फोटोवर पांढरे ठिपके भुरभुरायला लागतात, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसे. ते म्हणजे प्रोटॉन कॅमेऱ्यावर आपटतायत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला माझाच स्क्रीन बिघडलाय असं वाटलेलं.

मग फोरकास्टर त्या ढगाभोवती कॉम्प्युटरवर एक शंकू बसवतो, आणि तीन गोष्टी काढतो, वेग किती, पसारा किती, तोंड कुठे. हे तीन आकडे एन्लिल नावाच्या मॉडेलला देतात (एन्लिल हा सुमेरियन लोकांचा वाऱ्याचा देव, नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी) आणि ते मॉडेल आधीपासून वाहणाऱ्या सौर वाऱ्यात हा ढग सोडून देतं आणि सांगतं की अमुक दिवशी अमुक वाजता पोचेल. माणसाच्या हातचं काम यात बरंच आहे, त्यामुळे शंकू दोन माणसांनी बसवला तर दोन उत्तरं येतात.

वेळ किती अचूक असते?

साधारण दहा तास इकडे-तिकडे. लोकांना हे फार वाटतं, पण हिशोब करून बघा, १५ कोटी किलोमीटर अंतर, सेकंदाला हजार किलोमीटर वेगाने साधारण ४२ तास, आणि वाटेत तो ढग पुढच्या संथ वाऱ्यावर आपटून मंदावतो किंवा आधीच्या ढगाने रस्ता साफ केलेला असेल तर सुसाट येतो. सगळ्यात वेगवान नोंद ऑगस्ट १९७२ ची, पंधरा तासही लागले नव्हते, आणि त्या वादळात व्हिएतनामच्या समुद्रात अमेरिकेने पेरलेले चुंबकीय सुरुंग आपोआप फुटले होते.

आणि जोर किती असेल? ते का सांगत नाहीत नीट?

हा खरा प्रश्न आहे आणि बाकीचं वाचायचा कंटाळा आला तर एवढंच वाचा.

पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्राचं कवच आहे, आणि सूर्याकडच्या बाजूला त्याच्या रेषा उत्तरेकडे तोंड करून असतात. येणाऱ्या ढगाच्या पोटातलं क्षेत्रही उत्तरेकडे तोंड करून असेल तर दोघं एकमेकांना घासून जातात, दार बंदच राहतं, फार काही होत नाही. पण ते दक्षिणेकडे तोंड करून असेल तर दोन्हीकडच्या रेषा तुटून एकमेकांना जोडल्या जातात, दार सताड उघडतं आणि सौर वाऱ्याची ऊर्जा आत घुसते. या उत्तर-दक्षिण मापाला म्हणतात बी-झेड. बी-झेड उणे, म्हणजे दक्षिण, आणि तासन्‌तास दक्षिण, म्हणजे वादळ. ढग कितीही मोठा असो, कितीही जोरात येवो, बी-झेड अधिक असेल तर फुसका बार.

आता गंमत अशी की निघताना बी-झेड काय आहे ते आपल्याला मोजता येत नाही. सूर्याच्या पृष्ठभागावरचं क्षेत्र मोजता येतं, पण वर कोरोनात, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणात, ते इतकं विरळ आणि अवघड होतं की ढग बनताना आत काय गुंडाळलं गेलं त्याचा नुसता अंदाज बांधायचा. आतलं क्षेत्र असतं पिळलेल्या दोरखंडासारखं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, ते इथे शब्दशः खरं आहे, कोट्यवधी किलोमीटर येऊनही पीळ टिकतो, आणि पीळ डावा की उजवा हेसुद्धा बऱ्याचदा सांगता येतं. पण अख्खा दोर वाटेत वळतो, कलतो, दुसऱ्या दोराला धडकतो, आणि त्याचा कुठला भाग आपल्यावरून जाणार, मधला की कडेचा, यावर सगळं ठरतं.

हे कळतं कधी? ढग एल-१ नावाच्या जागेवर आला की. ही जागा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेने, तिथे डिस्कव्हर आणि एस सारखी यानं बसलीयत. १५ कोटींपैकी १५ लाख म्हणजे एक टक्का. म्हणजे नव्याण्णव टक्के प्रवास होईपर्यंत आपल्याला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माहीत नसते, आणि कळते तेव्हा हातात पाऊण तास असतो, ढग हळू असेल तर. सेकंदाला दोन हजार किलोमीटरने आला तर बारा-तेरा मिनिटं. कुकरच्या तीन शिट्ट्या.

म्हणून "येतंय का" याचं उत्तर बऱ्यापैकी खात्रीचं, "कधी" याचं ढोबळ, आणि "किती" याचं जवळजवळ शेवटच्या क्षणाचं. कुणी तुम्हाला तीन दिवस आधी छातीठोक सांगत असेल की अमुक रात्री अमुक इतकं मोठं वादळ, तर त्याला बी-झेड किती ते विचारा.

अंदाज चुकल्याची खरी उदाहरणं आहेत का?

दोन्ही बाजूंनी आहेत आणि माझी दोन आवडती आहेत.

७ जानेवारी २०१४, सूर्याच्या मधोमध जवळपास पृथ्वीकडे तोंड करून असलेल्या डागांपाशी एक्स-१ चा फ्लेअर झाला, वेगवान ढग निघाला, बोल्डरने जी-३ चा वॉच दिला (जी म्हणजे वादळाच्या जोराची पायरी, १ ते ५). त्याच वेळी अवकाश स्थानकाकडे सामान घेऊन जाणाऱ्या एका रॉकेटचं उड्डाणसुद्धा प्रोटॉनच्या भीतीने एक दिवस पुढे ढकललं. आणि ९ तारखेला पोचलं काय, तर किरकोळ झुळूक. नंतर अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलं की आजूबाजूच्या जोरदार चुंबकीय क्षेत्राने ढगाला सुरुवातीलाच बाजूला ढकललं होतं, त्याचा मुख्य भाग आपल्याला चुकवून गेला.

उलट उदाहरण पुढच्याच वर्षी. १५ मार्च २०१५ ला एक साधासा सी वर्गाचा फ्लेअर आणि एक ढग, तो कडेकडेने घासून जाईल असं वाटलं, १८ मार्चसाठी जी-१ म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा वॉच. तो आला १७ लाच, आणि बी-झेड तासन्‌तास दक्षिणेकडे, आणि झालं जी-४. त्या अकरा वर्षांच्या सौरचक्रातलं (सूर्याच्या डागांचा चढ-उतार) ते सगळ्यात मोठं वादळ ठरलं. एक्स फ्लेअरवाला फुसका आणि सी फ्लेअरवाला सगळ्यात मोठा.

म्हणून बातम्यांमध्ये फ्लेअरचा आकडा बघून घाबरू नका. ४ नोव्हेंबर २००३ चा फ्लेअर एक्स-२८ होता, मोजणारी उपकरणंच भरून गेली होती, पण तो सूर्याच्या कडेला झाला आणि त्याचा मुख्य तडाखा आपल्याला बसलाच नाही.

जी-१ ते जी-५ आणि केपी म्हणजे काय?

केपी हा ० ते ९ चा आकडा, दर तीन तासांचा, जगातल्या १३ वेधशाळांच्या नोंदींवरून जर्मनीतल्या पॉट्सडॅमची संस्था काढते. केपी ५ म्हणजे जी-१, ६ म्हणजे जी-२, असं करत ९ म्हणजे जी-५. अडचण एवढीच की ९ च्या पुढे आकडाच नाही, म्हणजे जेमतेम जी-५ आणि शतकातून एकदा येणारं वादळ दोन्ही जी-५ च. त्यासाठी डीएसटी नावाचं दुसरं माप बघतात, ते क्योटोहून येतं, नॅनोटेस्ला या चुंबकीय क्षेत्राच्या एककात, जितकं उणे तितकं वाईट. मार्च १९८९ चं उणे ५८९, मे २०२४ चं उणे ४०० च्या थोडं पलीकडे.

१० मे २०२४ ला नक्की काय झालं होतं?

सूर्यावर एआर-३६६४ नावाचा डागांचा गट होता, पृथ्वी शेजारी शेजारी पंधरा मांडल्या तर बसतील एवढा लांब, ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, मी गच्चीवरून आईला दाखवला तर ती म्हणाली "हा तर तीळ आहे". ८ तारखेपासून या तिळाने एकामागून एक ढग सोडले, आणि मागचे ढग पुढच्यांपेक्षा वेगवान, म्हणजे वाटेत एकमेकांना गाठून एकजीव होणार. ९ मे ला बोल्डरने जी-४ चा वॉच दिला, २००५ नंतर पहिल्यांदा.

१० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया. आमरस-पुरी जेवून दुपारभर सुस्तावलेले सगळे आणि मी फोनवर सौर वाऱ्याचा ग्राफ उघडून बसलेली. त्या ग्राफवर वेग, घनता, तापमान अशा रेघा असतात आणि एक लाल रेघ असते, ती बी-झेडची. दिवसभर सगळ्या रेघा आपल्या आळसावल्यासारख्या सपाट. रात्री दहानंतर सगळ्या एकदम उभ्या उडाल्या. पृथ्वीला धक्का लागला तो आपल्या घड्याळात १०:३५ ला. लाल रेघ आधी वरखाली नाचली, मग खाली गेली, आणि पुढे काही तासांत उणे ५० च्या घरात. साधारण वादळात उणे १०-१५ आलं तरी मी भाऊबंदांना फोन लावते, त्यावरून कल्पना करा.

मी एक वाजेपर्यंत जागी होते, मग झोपले, ही माझी चूक. जी-५ जाहीर झालं पहाटे ४:२४ ला, ऑक्टोबर २००३ नंतर पहिलं जी-५. आणि त्याच रात्री लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लाल उजेड टिपला, म्हणजे ऑरोरा, ध्रुवीय प्रकाश. भारतातून!

अंदाज म्हणून बघितलं तर हे यश होतं, कारण दिवसभर आधी जी-४ सांगितलं होतं आणि विमान कंपन्या, वीज कंपन्या तयार होत्या. पण जी-५ होणार हे मात्र एल-१ ची लाल रेघ खाली गेल्यावरच कळलं.

१८५९ चं ते मोठं वादळ मुंबईत नोंदलं गेलं होतं म्हणतात, खरंय?

शंभर टक्के खरं. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन डागांचं चित्र काढत बसला होता आणि त्याला डागांवर पांढरा झगझगीत प्रकाश दिसला, काही मिनिटांत विझलासुद्धा. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ, टेलिग्राफच्या तारांमधून ठिणग्या, काही ठिकाणी बॅटरी काढून टाकली तरी तारा चालू राहिल्या.

त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं हाताने रीडिंग घेत होती. एरवी तासाला एक, आणि सुई अस्वस्थ झाली की पाच-पाच, पंधरा-पंधरा मिनिटांनी. २ सप्टेंबरला दिवसाउजेडी, सकाळी अकराच्या सुमारास, तिथलं आडवं क्षेत्र (चुंबकीय क्षेत्राचा जमिनीला समांतर भाग) सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं. आपल्याकडे एकूण आडवं क्षेत्र ३८ हजारांच्या आसपास, म्हणजे चार टक्के एका झटक्यात. युरोपातल्या कितीतरी वेधशाळांच्या नोंदी कागदाबाहेर गेल्या, कुलाब्याची सलग राहिली. (तासाची सरासरी काढली तर आकडा बराच खाली येतो, म्हणून त्याची डीएसटीशी थेट तुलना करू नका, इंटरनेटवर सगळे करतात.) २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थानातल्या गुरबक्ष लखिना, शोभना अ‍ॅलेक्स यांनी या जुन्या नोंदी उकरून पेपर लिहिला तेव्हा जगाला त्यांची किंमत कळली. आज कुणीही म्हणतं ना की कॅरिंग्टनसारखं वादळ परत आलं तर काय होईल, त्या हिशोबात कुलाब्याच्या त्या वहीचा मोठा वाटा आहे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या नोंदी बिघडणार हे ठरलेलं होतं, तेव्हा नानाभॉय मूस संचालक होते, त्यांनी वेधशाळा अलिबागला हलवली. १९०४ ला अलिबाग सुरू झालं आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी रीडिंग घेतली, जुनी नोंद नव्या नोंदीला नीट जोडता यावी म्हणून. इमारतीला चुंबकीय नसलेला, तपासून घेतलेला पोरबंदरचा दगड, आणि लोखंडाऐवजी तांबं-पितळ. अलिबागला लोक किल्ला बघून आणि मासे खाऊन परत येतात, शेजारीच शंभराहून जास्त वर्षांची सलग नोंद चालू आहे.

आपल्याकडे लाइट जाईल का?

मोठ्या वादळात पृथ्वीचं क्षेत्र भराभर बदलतं, त्यामुळे जमिनीत आणि लांबलचक विजेच्या तारांत करंट तयार होतो, तो ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्वेबेकमध्ये दीड मिनिटात अख्खी ग्रिड झोपली, ६० लाख लोक नऊ तास अंधारात, तेही थंडीत. तिथे दोन गोष्टी एकत्र आल्या, ध्रुवाजवळची जागा आणि खाली करंट न वाहू देणारा कठीण खडक, मग करंट तारांचा रस्ता धरतो.

महाराष्ट्र विषुववृत्ताच्या बराच जवळ आहे, इथे हा परिणाम पुष्कळ कमी. आपली लाइट जाते ती झाडाची फांदी पडून. अंदाजाचा उपयोग ग्रिडवाल्यांना असतो, देखभालीची कामं पुढे ढकलायची, लाइनवरचा लोड कमी ठेवायचा.

मोबाइल, जीपीएस, नेट?

मोबाइल टॉवर आणि फायबरला फारसं काही नाही. जीपीएसचं वेगळं, त्याचा सिग्नल वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येतो, तो थर ढवळला की जागा चुकते. ओला-उबरवाल्याला दोन-चार मीटरने फरक पडत नाही, पण मे २०२४ मध्ये अमेरिकेत पेरणीचा हंगाम होता आणि तिथले ट्रॅक्टर जीपीएसवर सेंटिमीटरच्या हिशोबाने सरी ओढतात, कितीतरी शेतकऱ्यांना काम थांबवून बसावं लागलं.

उपग्रहांचा त्रास अजून वेगळा. वादळात वरचं वातावरण तापून फुगतं आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना ब्रेक लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले, दुसऱ्या दिवशी वादळ आलं, तेही किरकोळ, आणि त्यातले ४० पर्यंत गेले. वादळाचा अंदाज होता, पण एवढ्या छोट्या वादळाने एवढं नुकसान होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

आदित्य एल-१ मुळे आता आपल्याला आधी कळेल का?

थोडं हो, थोडं नाही. आदित्य २ सप्टेंबर २०२३ ला निघालं, ६ जानेवारी २०२४ ला एल-१ भोवतीच्या कक्षेत बसलं, त्यावर सात उपकरणं आहेत. एक तिथल्या वाऱ्यातले कण मोजतं, एक सहा मीटरच्या दांड्यावरचा मॅग्नेटोमीटर आहे जो आपली लाडकी बी-झेड मोजतो. बंगळुरूचा व्हीईएलसी कोरोनाग्राफ सूर्याच्या अगदी कडेपर्यंत बघतो, म्हणजे ढेकर निघतानाच दिसू शकते, आणि पुण्याच्या आयुकाने बनवलेला सूट हा सूर्याचे अतिनील फोटो काढतो.

पण तेही एल-१ वरच बसलंय, म्हणजे बी-झेडच्या बाबतीत तोच शेवटचा एक टक्का. आणि आदित्य मुळात संशोधनासाठी आहे, रोजच्या इशाऱ्यांसाठी नाही. १०-११ मे ला तर नेमकी सूट आणि व्हीईएलसी कॅलिब्रेशन वगैरे कामांत होती, बाकीच्या उपकरणांनी वादळ टिपलं. लग्नाच्या दिवशी फोटोग्राफरचा कॅमेरा दुरुस्तीला, असं झालं. युरोपचं व्हिजिल नावाचं यान पुढे एल-५ वर, म्हणजे बाजूने बघायला जाणार आहे, बाजूने ढगाचा वेग आणि दिशा जास्त चांगली कळेल.

सौरचक्राचा कळस होऊन गेला, मग आता धोका संपला ना?

उतारावरच सांभाळायचं असतं. घाटात कसं, तसं. २००३ ची ती मोठी वादळं कळसानंतर दोनेक वर्षांनी आली होती. शिवाय मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, पृथ्वीच्या कलामुळे वादळं जास्त होतात. आणि उतारावर कोरोनल होल, म्हणजे सूर्याच्या वातावरणातली भोकं, वाढतात, त्यांतून वेगवान वारा येतो. त्याचा अंदाज मात्र सोपा, सूर्य आपल्याला २७ दिवसांनी तीच बाजू दाखवतो, कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

डोकं दुखणं, झोप न लागणं, राशीवर परिणाम?

जमिनीवर राहणाऱ्याला काही नाही. पुढचा प्रश्न.

पुण्या-मुंबईतून ऑरोरा दिसेल का? परदेशातल्यांनी कसं बघायचं?

इथून विसरा. हानलेसुद्धा उंची, काळोख आणि मोठं वादळ तिन्ही जुळलं म्हणून.

कॅनडा, स्कॉटलंड, अमेरिकेच्या उत्तरेला कुणी असेल तर त्यांना सांगा की केपीच्या अंदाजावर तीन दिवस आधी बेत करू नका, त्या रात्री लाल रेघ बघा. ती उणे दहाच्या खाली अर्धा-पाऊण तास टिकली की गाडी काढून शहराबाहेर जायचं, उत्तरेकडे बघायचं, आणि डोळ्यांना नुसता करडा ढग वाटला तरी फोन नाइट मोडवर स्थिर धरून फोटो काढायचा, कॅमेऱ्याला रंग आधी दिसतात. सगळ्या वेळा यूटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत असतात, आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवायचे, तुमच्यासाठी किती वजा ते तुम्ही बघा.

माझा मावसभाऊ एडमंटनला असतो. ११ मे ला सकाळी उठून जी-५ बघितलं आणि त्याला फोन लावला, तिकडे अजून १० तारखेची संध्याकाळ, लख्ख ऊन. "किती वाजता दिसेल?" म्हणाला. म्हटलं अंधार पडेपर्यंत रेघ खाली राहिली तर दिसेल, नाही राहिली तर नाही, मला माहीत नाही. तो वैतागला, म्हणाला एवढं सगळं वाचतेस आणि वेळ सांगता येत नाही? रात्री साडेअकराला वहिनीने त्याला ओढून बाहेर काढलं. मला व्हिडिओ कॉल आला तेव्हा स्क्रीनवर नुसता गुलाबी काळोख होता आणि मागे तो कुणाला तरी ओरडून सांगत होता, अरे गाडीचे लाइट बंद कर आधी.